त्याच घरातला पहारेकरी

बनशंकरी, बेंगळुरू
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय संयू,

तुझं पत्र रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसून वाचलं. दोन पानं सुनेच्या नव्या मिक्सरवर, आणि अगदी खाली कोपऱ्यात एक ओळ : ‘महिनाअखेरीस हुबळीला एक छोटं ऑपरेशन आहे, २९ तारखेला, तू येशील का?’ तू बदलली नाहीस. बोर्डिंगमध्ये सिस्टर बर्नाडेट रविवारी आपल्याला घरी पत्र लिहायला बसवायच्या, तेव्हाही गोवर आल्याची बातमी तू ‘ताजा कलम’मध्ये लिहिली होतीस.

येईन. कसलं ऑपरेशन ते मात्र नीट लिही. आणि फोन का करत नाहीस? घरात सगळे ऐकतात म्हणून?

मला एकच अडचण आहे. या यशवंतपूरच्या ट्रस्टच्या रुग्णालयात मी कॉम्प्युटर सांभाळते एवढं तुला माहीत आहे, पण नक्की काय करते ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आमच्याकडे एका थंड खोलीत एक मोठा सर्व्हर आहे. त्या एका यंत्राच्या पोटात पुष्कळ यंत्रं राहतात, खरी नव्हेत, मानलेली. एक लॅबचे रिपोर्ट ठेवतं, एक औषधांचा साठा, एक डायलिसिसच्या पाळ्या. आपली डॉर्मिटरी आठव. हॉल एकच, मध्ये पडदे, आणि प्रत्येकीला वाटायचं की आपली वेगळी खोली आहे. तसंच.

या सगळ्यांवर नजर ठेवणारं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. कुठे काही बिनसलं की माझ्या फोनवर निरोप यायचा. यंदा ट्रस्टने ते बंद केलं. आमचे नवे व्यवस्थापक गिरीराज माझ्या लेकीच्या, ईराच्या वयाचे आहेत. म्हणाले, “मॅडम, फ्रीवाला भी आता है ना? आप हो तो क्या टेन्शन?” येतं, आणि चांगलंही असतं. पण फुकटची गोष्ट उभी करायला कुणीतरी स्वतःचं रक्त आटवावं लागतं. माझ्या हाताखाली होते ते दोघं व्हाइटफील्डच्या कंपन्यांत निघून गेले. तेव्हा मीच. ते काम उभं राहिल्याशिवाय रजा मिळणार नाही असं गिरीराजनी गोड शब्दांत सांगितलंय.

थकले गं. मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण होतील. ते म्हणतात, पुढे दोन वर्षं मुदतवाढ देऊ. आमचे नंदकिशोर म्हणतात, घरी बस. मी अजून कुणालाच उत्तर दिलेलं नाही.

तुझी,
नयना


संडूर
११ ऑगस्ट

नयनी,

तुझं डॉर्मिटरीचं वाचून हसले. पडद्यापलीकडून कोण रडतंय ते सगळ्यांना ऐकू यायचं, ते तुझ्या यंत्रांना येतं का?

विचारलंस म्हणून लिहिते. छातीत गाठ आहे. उजव्या बाजूला, बोराएवढी. हुबळीचे डॉक्टर म्हणाले काढून बघू, मग ठरवू. एवढंच. स्वल्प काम आहे, तू वाचताना डोळे मोठे करू नकोस.

यांना सांगितलेलं नाही. मोतीबिंदू म्हणून सांगितलंय. मालोजीरावांचा स्वभाव तुला माहीत आहे. आमच्या लग्नात पानसुपारीच्या तबकाला धक्का लागला तर आठवडाभर जेवले नव्हते. गाठ म्हटलं की ते माझ्याआधी आडवे होतील. सुनेला सांगावं तर ती तासाभरात तिच्या आईला सांगेल, आणि मग संध्याकाळपर्यंत अख्खं संडूर माझ्या छातीबद्दल बोलेल. म्हणून फोन नको. फोन हे उचलतात, स्पीकरवर टाकतात आणि मग मला हाक मारतात.

तेव्हा तूच. तू आलीस तर बरं. नाही जमलं तरी सरी, चालेल. नर्स असतातच.

आमच्या अंबुबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, “डोळ्याच्या ऑपरेशनला मैत्रीण कशाला गं बेंगळुरूहून?” मी म्हटलं, “अक्का, दोन्ही डोळे झाकल्यावर भांडायला कुणीतरी पाहिजे.”

तुझ्या त्या मानलेल्या यंत्रांची भुतं लवकर बाटलीत भर आणि ये.

संयू


बनशंकरी
१८ ऑगस्ट

प्रिय संयू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना डोळे मोठे केलेच.

इकडची हकिकत सांगते, कारण तिच्यामुळेच मला जे विचारायचंय ते विचारावं लागतंय.

फुकटचं सॉफ्टवेअर बसलं. बसवणं अवघड नव्हतं, त्याला शिकवणं अवघड आहे. ते सगळ्यावर ओरडतं. एखाद्या यंत्राने जरा जोरात श्वास घेतला की निरोप. डिस्क भरत आली की निरोप, रिकामी झाली की निरोप. भाजी चिरताना, बसमध्ये, देवळात, सारखा फोन थरथरत असतो. परवा नंदकिशोर म्हणाले, “तुझ्या रुग्णालयाला एवढं दुखतं, तर त्यालाच ॲडमिट करा.” कुठल्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचं ते एकेक करून ठरवायचं असतं. हे गंभीर, हे नुसतं लक्षात ठेवायचं, हे सोडून द्यायचं. गंमत म्हणजे असं ठरवायला सिस्टर बर्नाडेटसारखा कान लागतो. सगळी डॉर्मिटरी कुजबुजत असताना नेमकी कोण आजारी आहे ते त्यांना कळायचं.

आणखी एक गोष्ट. या पहारेकऱ्याला खरं तर वेगळं यंत्र हवं. मी गिरीराजकडे एक जुना कॉम्प्युटर आणि त्याच्यासाठी वेगळी लाइन मागितली. “अभी तो बजेट नहीं है, मॅडम. इसी में डाल दीजिये ना.” भांडायला हवं होतं. पण मी उभी होते, पाय दुखत होते, घरी जायचं होतं. म्हटलं, जाऊ दे. त्याच मोठ्या यंत्राच्या पोटात आणखी एक पडदा लावला आणि पहारेकऱ्याला तिथेच बसवलं.

आता विचारते. २९ पर्यंत हे नीट होणार नाही. ऑपरेशन थोडं पुढे ढकलता येईल का? गणपती झाले की मी मोकळी आहे, अगदी मोकळी. डॉक्टरांना विचार. ते नाही म्हणाले तर मी रजा न घेताच निघून येईन, हे नक्की. पण ते हो म्हणाले तर मला जरा श्वास घेता येईल.

तू रागावणार नाहीस हे माहीत आहे. तेच वाईट वाटतं.

नयना


संडूर
२५ ऑगस्ट

नयनी,

डॉक्टर हो म्हणाले. त्यांनाच २९ ला कुठे परिषदेला जायचंय म्हणे, तेव्हा उलट बरंच झालं. आता १७ सप्टेंबर, मंगळवार. गणपतीत मोदक खाऊन येते, म्हणजे भूल चांगली लागेल.

रागवायचं काय त्यात? तू काही गोवा फिरायला चाललेली नाहीस.

इकडे हे माझ्या डोळ्यांची फार काळजी घेतात. रोज विचारतात, “आज कसं दिसतंय?” मी म्हणते, “तुम्ही धूसर दिसता.” म्हणतात, “मग नीटच दिसतंय की.” काल त्यांनी स्वतः उठून दिव्याची वात केली, म्हणाले तुला दिसायचं नाही. मला जरा अपराध्यासारखं वाटलं.

सोळाला दुपारी हुबळी स्टेशनवर भेटू. स्वेटर आण, तिथल्या वॉर्डात फार गार असतं म्हणे.

संयू


बनशंकरी
२२ सप्टेंबर

प्रिय संयू,

ज्या तऱ्हेने मी निघून आले, त्यानंतर तुला काय लिहावं हे ठरवण्यात चार दिवस गेले. तू झोपली होतीस. मी चिठ्ठी उशीखाली ठेवली आणि नर्सला तुझ्याकडे बघायला सांगितलं. एवढं करून मी, मैत्रीण म्हणवणारी, निघाले.

काय झालं ते आता सविस्तर सांगते.

ऑपरेशनच्या दिवशी माझा फोन गप्प होता. तुला आठवतं, तुला आत नेल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि तू बाहेर आल्यावर ग्लानीत शाळेची प्रार्थना पुटपुटत होतीस. मध्येच चुकलीस, मी पुढची ओळ सांगितली. संध्याकाळीसुद्धा फोन गप्प. दुसऱ्या दिवशीही. इतकी शांतता मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. मी मनात म्हटलं, वा, अखेर नीट बसलं आपलं काम. मला अभिमानच वाटला गं.

बुधवारी दुपारी लॅबमधल्या ऋचाचा फोन आला, तोही दुसऱ्याच कशासाठी. बोलता बोलता म्हणाली, “मॅडम, रिपोर्ट कधी सुरू होतील? कालपासून सगळं बंदच आहे ना.”

मी म्हटलं, “काय बंद आहे?”

ती म्हणाली, “आम्हाला वाटलं तुम्हाला कळलंच असेल. तुम्ही ते नवीन बसवलंय ना, ते तुम्हाला कळवतं ना लगेच.”

मंगळवारी सकाळीच तो मोठा सर्व्हर बंद पडला होता. वीज देणारा भाग जळाला होता. त्याच्या पोटातलं सगळं बंद पडलं, आणि त्यातच माझा पहारेकरी. ज्याने ओरडायचं, तोच घराबरोबर गेला. रुग्णालयातल्या प्रत्येकाला वाटलं मॅडमना कळलं असेल, मॅडम लांबून काहीतरी करत असतील. गिरीराजनाही तसंच वाटलं. आणि मॅडम हुबळीच्या बाकावर शांततेचं कौतुक करत बसल्या होत्या.

मल्लाप्पा नावाचे एक म्हातारे गृहस्थ तुमकुरूहून डायलिसिसला येतात. त्यांची मंगळवारची पाळी कुणाला सापडली नाही. कागदावर दुसरीच नावं लिहिली गेली आणि त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. ते घरी परत गेले. संध्याकाळी मुलाने त्यांना परत आणलं तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. वाचले. मी आल्या आल्या आधी त्यांच्याकडे गेले. त्यांनी मास्क बाजूला केला आणि विचारलं, “कंप्यूटर सरी आयता, मेडम?” कॉम्प्युटर नीट झाला का. मी त्यांचा मास्क पुन्हा नीट बसवला.

नागोजींनी, म्हणजे आमच्या इलेक्ट्रिशियननी, कुठून तरी सुटा भाग मिळवला आणि गुरुवारी सगळं सुरू झालं. पण मी तुझ्या पहिल्या ड्रेसिंगला नव्हते. त्याच्यासाठीच तर तू मला बोलावलं होतंस.

रिपोर्ट आला का? लिही. नाहीतर फोन कर, स्पीकरवर असला तरी चालेल.

नयना


संडूर
६ ऑक्टोबर

नयनी,

मी झोपले नव्हते.

दारात उभी राहून तू ऋचाशी बोलत होतीस ते सगळं ऐकलं. तुझा आवाज असा झाला होता जसा सिस्टरनी तुला स्टाफरूममध्ये बोलावलं की व्हायचा. डोळे उघडले असते तर तू थांबली असतीस, आणि मग तुझ्या त्या मल्लाप्पांची टोचणी माझ्या उशाला बसली असती. म्हणून डोळे मिटून पडले. तेव्हा चिठ्ठीबद्दल जीव जाळू नकोस.

आणि दुसरं. डॉक्टर परिषदेला वगैरे गेले नव्हते. मी तारीख बदला म्हटल्यावर ते भडकले, म्हणाले, “अम्मा, ही काय लग्नाची तारीख आहे?” मीच हट्ट केला. तू लिहिलं होतंस की ते नाही म्हणाले तर येशील. पण माझ्यासाठी नोकरी घालवून यावंस असं मला वाटत नव्हतं. आणि खरं सांगू, तीन आठवडे गाठीचं नाव न काढता राहायला मिळेल, हेही मला हवंच होतं. त्यातला वाटा तुझा किती, माझा किती, ते मोजत बसू नकोस. मी नाही मोजणार.

आता तिसरं, ते तुला आवडेल. तू गेल्यावर नर्सला सहीसाठी घरचं माणूस हवं होतं. मी मान हलवेपर्यंत तिने कार्डावरचा नंबर लावला. संध्याकाळी हे दारात हजर. हातात बॅग, त्यात माझी शाल, माझी गोळ्यांची डबी, चार लुगडी नीट घडी केलेली. मी म्हटलं, इतक्या लवकर बॅग कशी भरली? म्हणाले, “ऑगस्टपासून भरलेली आहे. कपाटाच्या वर.”

मी म्हटलं, “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मोतीबिंदूला उजव्या कुशीवर झोपता येत नाही होय? मी आंधळा नाही, बाई. ऑपरेशन तुझ्या डोळ्यांचं होतं.”

“मग बोलला का नाही?”

“तू बोलशील म्हणून वाट बघत होतो.”

मग त्यांनी माझे केस विंचरले. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. फार वाईट विंचरले.

रिपोर्ट चांगला नाही. सहा महिने औषधं, सलाईनमधून, आणि त्यानंतर किरणांचा शेक. डॉक्टर म्हणतात बेंगळुरूला जा. तुझ्या रुग्णालयाच्या आसपास एखादी खोली भाड्याने मिळते का बघ. तुझ्याकडे नको, नंदकिशोरांना कशाला त्रास. आणि तुझीही नोकरी आहे. तू रोज यावंस असं नाही. जवळपास आहेस एवढं कळलं तरी पुरे.

यांना बेंगळुरूच्या ट्रॅफिकची फार धास्ती आहे. माझ्या आजारापेक्षा जास्त.

संयू


बनशंकरी
मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रिय संयू,

फोनवर मालोजीरावांशीच अर्धा तास बोलणं झालं आणि तू मागून ओरडत राहिलीस, तेव्हा राहिलेलं इथे लिहिते.

खोली बघितलेली नाही आणि बघणारही नाही. ईराची खोली रिकामी आहे. पडदे धुतले. नंदकिशोरांनी खिडकीची कडी बसवली आणि आता ते मालोजीराव बुद्धिबळ खेळतात का याची चौकशी करतायत. रुग्णालयातल्या डॉक्टर सकवारबाईंना तुझे कागद दाखवले. त्या फार कमी बोलतात. त्यांनी सोमवारचा दिवस दिलाय.

आता माझं. ट्रस्टची बैठक झाली. गिरीराजनी टिपण लिहून आणलं होतं की मोफत सॉफ्टवेअर निकामी ठरलं. मला नुसतं गप्प बसायचं होतं. सगळे माझ्या बाजूने होते, चहासुद्धा मला आधी दिला. पण मल्लाप्पा वरच्याच मजल्यावर होते. मी म्हटलं, सॉफ्टवेअरचा दोष नाही. पहारेकऱ्याला मी त्याच घरात झोपवलं. चुकीचं आहे हे मला ठाऊक होतं, मागितलेलं मिळालं नाही म्हणून मी भांडले नाही. गिरीराज खाली बघत होते. बैठक संपल्यावर माझ्या मागे मागे आले आणि म्हणाले, “मॅडम, वो पुराना वाला कॉम्प्युटर, रजिस्ट्रेशन में पडा है. ले लीजिये.”

नोंदणीचा विभाग रस्त्यापलीकडच्या इमारतीत आहे. वीज वेगळी, इंटरनेटची लाइन वेगळी. पहारेकरी आता तिथे बसतो. शिवाय तो रोज सकाळी ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. तो आला नाही तर शोध घ्यायचा, असं सगळ्यांना शिकवलं. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असं इथून पुढे कुणी समजायचं नाही. ऋचा हे माझ्यापेक्षा लवकर शिकली. नागोजींना इंग्रजी निरोप कळत नव्हते, म्हणून तिने ते कन्नडमध्ये केले. मग रुग्णांशी संबंध नसलेली एक जुनी यंत्रणा निवडून आम्ही भर दुपारी तिची वायर उपटली. ऋचाचा फोन वाजला, नागोजींचा वाजला, गिरीराजचा वाजला. गिरीराज दचकून उभेच राहिले. मी इतक्या दिवसांनी हसले.

आयुधपूजेला नागोजींनी सर्व्हरच्या खोलीबाहेर कोहळा फोडला आणि मोठ्या यंत्राला हळदकुंकू लावलं. ऋचा ताट घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि त्या जुन्या कॉम्प्युटरलाही लावून आली. कुंकू की-बोर्डात गेलं. दोन अक्षरं आता अडकतात.

त्याच दिवशी मी निरोपांच्या यादीतून माझा नंबर काढला. मुदतवाढ नको असंही लिहून दिलं. मार्चला थांबणार.

काल सोमवारी कामावर गेले तर ऋचा म्हणाली, “काल लॅबचं मशीन अडकलं होतं, मॅडम. आम्ही सोडवलं.” मला कुणी कळवलं नव्हतं. रविवारभर मी तुझ्या खोलीतलं कपाट लावत होते. मनाला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं तिथे काही दुखलं की आधी मला कळायचं. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मग रजेचा अर्ज काढला.

त्यात कारणाची जागा असते. ‘मैत्रिणीचं आजारपण’ असं लिहिलं. ऋचा वाचत होती, म्हणाली, “मॅडम, मैत्रीण चालत नाही, बहीण लिहा.” मी म्हटलं, चालेल तसं चालवून घेतील. ‘पासून’च्या पुढे एकवीस ऑक्टोबर घातलं. ‘पर्यंत’च्या पुढे पेन थांबलं. सहा महिने आणि शेक, मग पुढचं कुणाला माहीत, आणि मार्च तर मध्येच येतो. ती जागा मोकळी सोडली आणि कागद आत दिला.

गिरीराजनी तो वाचला, मोकळ्या जागेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

वाट बघते.

नयना